मालूवैनीने शिवलेला कोट

आमच्या गावात हाक्याला जायचं ठरलं की माणूस आधी बंदूक पुसत नाही, आधी माझ्या मोठ्या जावेकडे येतो. मालूवैनी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश हे सगळं पोटासाठी. पण रोह्यापासून नागोठण्यापर्यंत डोंगराच्या कडेने जेवढी गावं आहेत तिथे तिचं नाव झालंय ते शिकारीच्या कपड्यांसाठी. रानडुकरं आमचं भात लोळवतात आणि वाल उकरतात, म्हणून वनखात्याची परवानगी काढून हाका घालतात. मारलेलं डुक्कर कागदावर पुरायचं असतं. आमच्याकडे ते कुठे पुरतात हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, मी त्यावर जास्त बोलणार नाही.

वैनी म्हणते, शिकारीचा कपडा आधी कानाने पारखायचा. शहरातून मागवलेल्या महागड्या कोटांच्या खिशांना चिकटपट्टी असते. ती उघडली की चर्रकन आवाज होतो आणि डुक्कर डोंगरापलीकडे. रेनकोट चुरचुरतो. धातूची बटणं बंदुकीच्या नळीवर वाजतात, शिवाय करवंदीच्या जाळीत अडकतात. म्हणून वैनीच्या कोटाला बटणच नाही, नाड्या आहेत. कोट गुडघ्याखाली येतो, म्हणून गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी दुहेरी कापड, मध्ये जुन्या घोंगडीचा तुकडा, कारण बारीवर बसायचं म्हणजे दवाने भिजलेल्या दगडावर तासन्‌तास बसायचं. बारी म्हणजे बंदूकवाल्याची दबा धरून बसायची जागा. हाकेवाले एका ओळीत खालून ओरडत चढतात, डुकरं वर पळतात आणि बारीसमोरून जातात.

कापड ती भंगारातून आणते. धाटावच्या कंपन्यांतून फिल्टरचं जुनं कापड निघतं, जाडजूड आणि मातकट रंगाचं, काट्याने सहजी फाटत नाही. तिथले शिफ्टवाल्यांचे जुने बूटही स्वस्तात मिळतात, पण ते वैनी कुणाला घेऊ देत नाही. त्यांच्या टोकात लोखंडी वाटी असते, ती चढावर बोटं सोलते आणि दगडावर खणखणते. त्यापेक्षा पेणच्या बाजारातून रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घ्या, एक नंबर मोठे घ्या आणि आत दोन मोजे चढवा, असं ती सांगते. जो ऐकतो त्याचे दोनचार हंगाम निघतात, आणि जो ऐकत नाही तो लंगडत घरी येतो. लंगडत आलेल्याला ती हसते, तोंडावर हसते.

या धंद्यात ती एकदाच चुकली. पेणजवळ हायवेच्या कडेला एक भंगाराचं गोदाम आहे. तिथे तिला कुठल्यातरी अत्तरं-साबणाचा अर्क बनवणाऱ्या कारखान्याच्या पिशव्या मिळाल्या. कापड एकदम फर्मास. धुऊन, उन्हात वाळवून तिने त्याचा कोट शिवला आणि जनूमामाला दिला. जनूमामा हा आमच्या शिकारीचा म्होरक्या. कुणी कुठल्या बारीवर बसायचं, हाका कुठून सुरू करायचा, मांसाचे वाटे कसे घालायचे, सगळं त्याच्या शब्दावर. त्या हंगामात त्याच्या बारीवर एक डुक्कर फिरकलं नाही.

आता आमच्या शिकाऱ्यांची एक जुनी समजूत आहे. ज्याची बारी सारखी रिकामी जाते, त्याच्या अंगावर कुणाचातरी वाटा अडकलेला असतो. म्हणजे कधीतरी वाटणीत त्याने दुसऱ्याचं खाल्लेलं असतं आणि रानाने ते लक्षात ठेवलेलं असतं. बिचारा जनूमामा घरोघर हिंडला. "मी तुझा वाटा खाल्लाय का रं कधी?" असं विचारत सुटला. दोघांना तर त्याने उगीचच कोंबडी नेऊन दिली. शेवटी त्याची बायको सरूमामी कोट धुवायला बसली. गरम पाणी पडल्याबरोबर मोगऱ्याचा असा वास सुटला की तिला शिंका आल्या. कोट सुका असला की नाकाला काही कळायचं नाही, पण घामाने अंग तापलं की तो वास उघडायचा, आणि डुकराच्या नाकाला तेवढं पुष्कळ झालं. वैनीने मामाला दुसरा कोट फुकट शिवून दिला. गाव महिनाभर हसलं आणि विसरलं. वैनी विसरली नाही, तिच्या लक्षात सगळं राहतं.

हे झालं कपड्यांचं. आता हैबतरावाचं सांगते. गाव त्याला हैबतराव म्हणतं, कारण तो धाटावला मजूर पुरवतो आणि त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे. मी माझ्या घरात बसून सांगते आहे, मी त्याला हैबत म्हणणार.

माझे मोठे दीर बाबाजी, म्हणजे मालूवैनीचे मालक, हाकेवाले. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. पण ओळीच्या मधोमध चालायला मामा त्यांनाच ठेवायचा, कारण ते घाबरून पुढे पळत नसत आणि दमून मागे राहत नसत. रानातलं सगळं वैनीला त्यांनीच शिकवलं. कुठला कपडा वाजतो आणि कुठल्या काट्यात काय अडकतं, हे त्यांनी अंगावर झेलून घरी येऊन सांगायचं आणि तिने त्यावर कात्री चालवायची, असा दोघांचा संसार.

वालाला शेंगा धरलेल्या होत्या. हाका चांगला लागला होता. हैबतच्या बारीसमोर मोठा नर आला आणि त्याने घाईने बार काढला. डुक्कर मेलं नाही, जखमी झालं. असं झालं की बारीवाल्याने हाळी द्यायची असते. "जखमी हाय, झाडं धरा!" एवढं ओरडायचं, म्हणजे खालची माणसं सावध होतात. याला कुठला कायदा लागत नाही, बापजाद्यांपासूनची रीत आहे. हैबतने हाळी दिली नाही. बंदूक टाकून तो ऐनाच्या झाडावर चढला आणि गप्प बसला. डुक्कर उलटं फिरलं आणि कारवीतून थेट ओळीवर आलं. भाऊजींची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. पाय वाचला, पण तेव्हापासून तो नुसता अंगाला जोडलेला आहे. वाकत नाही, जोर घेत नाही, ओढत न्यावा लागतो.

इथपर्यंत मी सोसलं असतं. भीती कुणालाही वाटते. पण डुक्कर पुढे ओढ्यात मरून पडलं, ते गावात आणलं, आणि तिथे हैबत उभा राहून बोलला, "बाबाजी ओळ सोडून पुढं आला, म्हणून सापडला. मी काय करणार?" कारवी इतकी दाट होती की कुणी काही पाहिलं नव्हतं, आणि हाक्याच्या गलक्यात हाळी झाली की नाही हेही कुणाला सांगता येत नव्हतं. जे होतं ते भाऊजी आणि हैबत या दोघांत, आणि भाऊजी तेव्हा इस्पितळात बेशुद्ध. आणि ओळ मोडणाऱ्याला वाटा नाही, ही पण रीतच. मामाने मान खाली घातली आणि वाटे घातले.

वैनी त्याच वेळी भाऊजींचे कपडे न्यायला इस्पितळातून घरी आली होती. मी तिच्याबरोबर होते. देवळासमोर पळसाची पानं मांडलेली होती. मारणाऱ्याचा वाटा, बारीवरच्या प्रत्येक बंदुकीचा वाटा, प्रत्येक हाकेवाल्याचा एकेक. हाक्यात गेलेल्या कुत्र्यांचेही वाटे असतात, तेही होते. हैबतचं कुत्रं त्याच्या पानाशी बसलं होतं. भाऊजींचं पान नव्हतं. वैनी थांबली, सगळ्या पानांवरून तिची नजर फिरली, आणि ती घरात गेली. मला वाटलं आता रडेल. तिने कपाटातून धोतर काढलं, पिशवीत भरलं आणि म्हणाली, "चल गो, बस चुकंल."

भाऊजी घरी आले तेव्हा पायाबद्दल फार बोलले नाहीत. ते बोलायचे वाट्याबद्दल. ओट्यावर बसलेले असायचे आणि मध्येच म्हणायचे, "माझं पान मांडलं नाय गो. कुत्र्याचं मांडलं." आलेल्यागेलेल्याला सांगायचे, "मी ओळीत होतो." लोक हो हो म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. इतकी वर्षं रानात चाललेल्या माणसाला गावाने खोटा ठरवला होता, आणि तो खोटा नव्हता. वैनी मशीनवर बसून हे ऐकायची. तिचा पाय तेवढ्यापुरता थांबायचा आणि परत चालायचा.

मग एक दिवस हैबत आमच्या अंगणात आला. त्याने ऑनलाईन कुठून तरी झाडापानांच्या नक्षीचा महाग सूट मागवला होता. त्याच्या बुटाचे तळ पहिल्याच चढणीला निघून आले, खिशाची पट्टी चरचरली म्हणून डुक्कर बिथरलं, आणि हाकेवाल्या पोरांनी त्याची नक्कल करून दाखवायला सुरुवात केली. म्हणून आला. भाऊजी ओट्यावर बसलेले, त्यांच्या पायाला वळसा घालून आत आला आणि म्हणाला, "वैनी, मला पण एक कोट शीव. सगळ्यांचे शिवतेस, माझाच का नाय?"

माझ्या हातात लाटणं होतं. देवाशपथ सांगते, ते मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. वैनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने गळ्यातली टेप काढली आणि गोड आवाजात म्हणाली, "शिवते की. हात वर करा." तिने त्याची मापं घेतली, छाती, खांदे, कंबर, अगदी जावयाची घ्यावीत तशी. तो गेल्यावर भाऊजी तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "प्रणिता, पेणला जायचंय. येतेस?" मी फुगलेलीच होते, पण गेले. दोऱ्याच्या रिळासाठी दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई ती. त्या दिवशी ती बाजारात गेलीच नाही, थेट हायवेवरच्या गोदामात गेली. कोपऱ्यात त्या अत्तर कारखान्याच्या पिशव्या अजून पडून होत्या, कुणी घेत नव्हतं म्हणून. तिने एकेक हुंगून पाहिली, सगळ्यांत उग्र होती ती बाजूला काढली, आणि भंगारवाल्याने जो भाव सांगितला तो दिला. घासाघीस केली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एसटीत मी तिला विचारलं, "त्याला कळंल ना?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कसं कळंल? धाटावला केमिकलचे टँकर उतरवून उतरवून त्याचं नाक मेलंय. सोताच सांगत फिरतो, भजी तळली तरी वास येत नाय म्हणून."

असा कोट तिने आयुष्यात शिवला नसेल. वरून उत्तम फिल्टरचं कापड, आतून मऊ मांजरपाट, आणि दोन्हींच्या मध्ये खांद्यापासून पाठीपर्यंत त्या पिशवीचं अस्तर, बारीक टाके घालून असं बसवलेलं की उसवल्याशिवाय दिसू नये. नाड्या पक्क्या, काखेत ऐसपैस, बसायला घोंगडीची घडी. हैबतने अंगात घातला आणि आरशासमोर तीन वेळा फिरला. गावभर सांगत सुटला, एवढ्या थोड्या पैशांत असा माल मुंबईला मिळायचा नाही. ते मात्र त्याचं खरं होतं.

हंगाम सुरू झाला आणि हैबतची बारी रिकामी जायला लागली. पहिल्या खेपेला त्याने वाऱ्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या खेपेला हाकेवाल्यांना. मग त्याने मामाकडे हट्ट करून सगळ्यांत चांगली बारी मागून घेतली, खिंडीतली, जिथून डुकराला दुसरी वाटच नाही. माझा नवरा आदेश हाक्यात होता, त्याने येऊन सांगितलं, "अख्खा कळप खिंडीपर्यंत गेला, थांबला, आणि परत आमच्या अंगावर आला. आम्ही झाडांवर चढलो." मी चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत हसत होते. पुढे हैबतने कंपनीचे दोन साहेब शिकार बघायला आणले. साहेब दिवसभर बारीमागे बसून मच्छर मारत राहिले आणि संध्याकाळी गाडीत बसून गेले. त्यानंतर पोरं त्याच्यासमोरच म्हणायला लागली, "हैबतरावांवर वाटा अडकलाय."

त्या साहेबांच्या दिवशी एक गोष्ट झाली. हाका संपल्यावर सगळे ओढ्याशी पाणी प्यायला बसले. हैबत घामाघूम, कोट अंगात. जनूमामा त्याच्या शेजारी टेकला आणि त्याचं नाक हललं, असं आदेश म्हणाला. मामाने कोटाकडे पाहिलं, खांद्यावरच्या शिवणीकडे पाहिलं. मग उठला आणि लांब जाऊन बसला. संध्याकाळी मामा आमच्या घरी आला, ओट्यावर भाऊजींशेजारी बसून त्याने चहा घेतला. जाताना मशीनपाशी थांबून वैनीला म्हणाला, "टाका झकास हाय तुझा." वैनी म्हणाली, "तुमच्याच कोटावर शिकले, मामा." बस, एवढंच. दोघांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या हाक्याच्या आदल्या दिवशी मामाने गाव देवळात बोलावलं. आम्ही बायकापण गेलो. भाऊजींना आदेशने धरून आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. मामाने हैबतला देवीसमोर उभं केलं, नारळ त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "कुणाचा वाटा अडकलाय तुझ्यावर? बोल आणि नारळ फोड. नायतर उद्यापासनं बारीवर बसू नको."

हैबत हसला. कुणी हसलं नाही. मग तो म्हणाला, हाकेवाल्या प्रविणला एकदा मांस कमी दिलं होतं. मामा म्हणाला, "आणिक." कुणाच्या तरी कुत्र्याचा वाटा आपल्या कुत्र्याला घातला होता. "आणिक." हैबतच्या कपाळावर घाम आला. हे मुद्दाम सांगते, की तो भामटा असला तरी रानाला मनापासून घाबरतो. कागदावर खोटं लिहील, साहेबाशी खोटं बोलेल, पण बारी रिकामी जाते आहे म्हटल्यावर त्याची झोप उडालेली होती. त्याची नजर भाऊजींकडे गेली आणि तिथेच अडली.

"हाळी दिली नाय मी," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"हाळी दिली नाय. झाडावर होतो."

"आणि बाबाजी कुठं होता?"

हैबत नारळाकडे बघत राहिला. "ओळीत होता," तो म्हणाला. "जिथं असायला पायजे तिथंच होता."

मी त्याच्या तोंडाकडे पोटभर बघून घेतलं. भाऊजींनी डोळे मिटले होते. मामाने सगळ्यांकडे वळून विचारलं, "ऐकलंत ना?" आणि गाव म्हणालं, ऐकलं. उद्याच्या शिकारीत हैबतचा जो काय वाटा येईल तो त्याने आपल्या हाताने बाबाजीच्या घरी न्यायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी डुक्कर पडलं, अर्थात मामाच्या बारीवर. हैबत आपला बंदुकीचा वाटा पळसाच्या पानावर घेऊन गावातून चालत आला. दारादारांत माणसं उभी होती. त्याने पान भाऊजींसमोर ठेवलं आणि गेला. भाऊजींनी ते पान जवळ ओढलं. मग त्यांनी वैनीला हाक मारली, "मालू, घे गो. आपला वाटा आला." ते रडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. रात्री ते पोटभर जेवले. वैनीने त्या मांसाचा घास तोंडात घातला नाही, भाकरी आणि चटणी खाऊन उठली.

मला वाटलं, झालं, आता ती तो कोट परत मागून घेईल. भाऊजींनाही तसंच वाटलं. त्यांना वास पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. त्यांच्या उशाशी बसून ती शिवत होती, रानातल्या माणसाच्या नाकातून काय सुटणार? दोनचार दिवसांनी ते तिला म्हणाले, "दिलं की त्यानं. आता काढ ते अस्तर. पुरं झालं." वैनी म्हणाली, "तुमचा वाटा आला. तुमचा पाय आला का?" भाऊजींना ते पटलं नाही. ते मनाने माझ्या आणि वैनीपेक्षा फार चांगले आहेत, मी कबूल करते.

हैबतची बारी रिकामीच जात राहिली. तो देवीला नारळ वाढवतो, पोरांना चहा पाजतो, जुनेपुराणे वाटे आठवून आठवून लोकांच्या घरी नेऊन देतो. प्रविणला तर त्याने बकरा दिला. डुकरं काही त्याच्याकडे वळत नाहीत.

परवा तो आला. कोट खांद्यावर फाटला होता, करवंदीत अडकून. उन्हाची वेळ होती, भाऊजी ओट्यावर, मी वाल सोलत बसलेले. त्याने कोट वैनीच्या मशीनवर टाकला आणि म्हणाला, "वैनी, ठिगळ लाव. तुझा कोट मी मरेस्तो सोडायचा नाय." वैनीने कोट उलटा करून पाहिला. फाटलेल्या जागेतून ते अस्तर दिसत होतं, विरलेलं, वास जवळजवळ गेलेला. वैनीचा हात तिथे थांबला.

भाऊजी घसा खाकरून पुढे सरकले. मला कळलं, हे आता बोलणार. सांगून टाकणार सगळं आणि मोकळे होणार. मी वाल सोलायची थांबले, कारण तसं झालं असतं तर वैनीच्या हातात काहीच उरलं नसतं. त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात हैबत पायरीवर टेकला, त्याने त्यांच्या वाळलेल्या पायाकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "तुझं बरं हाय बाबाजी. बसल्या जागेवर वाटा घरी येतो. आमचं रान तुडवून तुडवून कंबरडं मोडलं."

भाऊजींनी तोंड मिटलं. दोन्ही हातांनी आपला पाय उचलला, नीट सरळ करून ठेवला आणि त्यावर पंचा ओढून घेतला. मग वैनीकडे वळले.

"मालू," ते म्हणाले, "ह्याचं अस्तर इरलंय बघ. उद्या पेणला जा, आणि जाड घाल."

"व्हय," वैनी म्हणाली, आणि तिने फाटक्या जागेवर खडूने खूण केली.